हजेरीपट क्रमांक एक्केचाळीस

खोली क्रमांक एकशे चौदामधली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा बंद करण्याचा ठराव ज्या बैठकीत झाला, त्याच बैठकीत शाळेच्या उपाहारगृहात पनीर रोल ठेवावेत की नाही, या विषयावर पाऊण तास चर्चा झाली. प्रयोगशाळेला चार मिनिटे लागली. गुणवंत वैशंपायन शिक्षकांचे प्रतिनिधी म्हणून मागच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांनी दोन्ही वेळा घड्याळ पाहिले होते, म्हणून हे आकडे विश्वसनीय मानायला हरकत नाही.

सन २००९ होते. गुडगावात मेट्रोचे खांब उभे राहिले होते, त्यावर गाडी यायची होती. वैशंपायन चौदा मजली इमारतीत अकराव्या मजल्यावर राहत. त्या इमारतीसमोर कालपर्यंत मोहरीचे शेत होते आणि आता फक्त मोहरीचे नाव असलेली दुसरी इमारत होती. या सगळ्या इमारती राजवीर सिंह नावाच्या गृहस्थांनी बांधल्या. नकाशात एक भूखंड शाळेसाठी राखीव दाखवावा लागतो. तो दाखवला, आणि मग शाळाही काढावी लागली. राजवीरजी शाळेचे अध्यक्ष झाले ते असे.

वैशंपायन शाळेत आले तेही काहीसे असेच. बावीस वर्षे ते दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाच्या कामावर होते. तिथे एकदा, न घेतलेल्या नोंदीखाली सही करा, असे त्यांना वरून सांगण्यात आले. नोंद निरुपद्रवी होती. एका तराजूची होती. त्यांनी सही केली नाही, बदलीचा कागद आला, आणि त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांची पत्नी रेवती दिल्लीतच एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होती. ती त्या वेळी एवढेच म्हणाली होती, "अहो, तराजूसाठी?" त्यावर त्यांना उत्तर सुचले नव्हते, आणि पाच वर्षे झाली तरी सुचलेले नव्हते.

शाळेत आल्यावर त्यांनी एकशे चौदा क्रमांकाची खोली मागून घेतली. तिथे पूर्वी तुटकी बाके ठेवत. पाच वर्षांत त्यांनी ती प्रयोगशाळा केली: भिंग, तार, वजने, दोन बरी होकायंत्रे, एक प्रिझम नसलेला वर्णपटमापक, आणि छताच्या तुळईला टांगलेला एक लोलक. लोलकाचा लोखंडी गोळा साडेतीन किलोंचा होता. दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत नव्याण्णव सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर. दिल्लीच्या गुरुत्वाकर्षणात एवढ्या लांबीचा लोलक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला बरोबर एक सेकंद घेतो. वैशंपायनांनी त्याचे नाव दामू ठेवले होते. त्यांचे एक दामूमामा आयुष्यभर पुणे ते दिल्ली आणि दिल्ली ते पुणे अशा खेपा घालत, वेळेवर येत, वेळेवर जात, आणि त्यांच्या येण्याजाण्याने दोन्ही शहरांत काहीही फरक पडत नसे.

आता एकशे चौदामध्ये 'गेमिंग झोन' होणार होता.

ज्या खेळासाठी हा झोन हवा होता त्याचे नाव 'मेधामॅजिक'. तो इंटरनेटवर चालत असे. कंपनीने नववीच्या वर्गाला तो आधीच सुरू करून दिला होता, आणि शिक्षकांना शिकवायला जयदीप नावाचा तरुण पाठवला होता. टाय, लॅपटॉप आणि पुण्याचा. हजेरीच्या कागदावर आडनाव वाचताच तो मराठीत सुरू झाला.

"अरे वा, सर! इथे मराठी माणूस म्हणजे... चलो, आता टेन्शनच नाही. अगदी सोपं आहे, सर. प्रश्न येतो, चार पर्याय येतात, मूल क्लिक करतं. बरोबर असेल तर दहा पॉइंट."

"आणि चूक असेल तर?"

"दोन."

"उणे दोन?"

"नाही नाही, सर. अधिक दोन! प्रयत्नाचे. निगेटिव्ह मार्किंगनं मुलं एकदम खचतात."

"म्हणजे चुकण्याला बक्षीस आहे."

"प्रयत्नाला, सर."

"प्रयत्न झाला हे संगणकाला कसं कळतं?"

"क्लिकवरून."

"आणि मूल शिकलं हे?"

"पॉइंटांवरून, सर. हा बघा डॅशबोर्ड." पडद्यावर रंगीत खांब वाढत होते आणि चष्मा लावलेले एक घुबड टोपी उडवत होते. जिथे हा खेळ तयार झाला त्या देशात घुबड शहाणपणाचे प्रतीक असावे. नववी 'ब'च्या मुलांना मात्र, एखाद्याला उल्लू म्हणतात तेव्हा त्याचे कौतुक होत नसते, हे ठाऊक होते, आणि ती पहिल्या दिवसापासून हसत होती.

"हे खांब क्लिकपासून झाले," वैशंपायन म्हणाले. "क्लिकपासून शिकण्यापर्यंतचा रस्ता कुठे आहे?"

जयदीपने घड्याळ पाहिले. "सर, आपण ऑफलाइन बोलू या का?"

पंधरवड्याने पालकसभा झाली. सभेत प्रत्येक पालकाला एक छापील पान मिळाले. त्यावर मुलाचा दर्जा होता: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर किंवा ब्राँझ. ब्राँझवाल्यांच्या पानावर घुबडाने मान खाली घातली होती.

वर्गात एकच ब्राँझ होते: भक्ती. तिचे वडील, सुभेदार धोंडीराम, मूळचे साताऱ्याकडचे, छावणीत राहत. शाळेने जवानांच्या मुलांसाठी काही जागा ठेवल्या होत्या आणि माहितीपत्रकात त्याचा फोटोही ठेवला होता. सुभेदार इस्त्रीच्या शर्टात आले, ते पान दोन्ही हातांनी धरून उभे राहिले आणि मग हळू आवाजात मराठीत बोलले.

"सर, पोरगी मागं पडली म्हनं."

"कुठे मागं पडली?"

"हितं लिवलंय. चाळिसात चाळिसावी. घुबडबी काढलंय."

वैशंपायनांनी तिची प्रयोगवही काढून दाखवली. भक्ती त्या खेळात प्रश्न वाचत असे. वाचून झाला की कागदावर आकडेमोड करत असे, मग उत्तर देत असे. चाळीस मिनिटांच्या तासाला तिचे तीस प्रश्न होत. एकोणतीस बरोबर येत. दोनशे ब्याण्णव गुण. शेजारच्या बाकावरचा राजवर्धन दर दोन सेकंदांना काहीतरी दाबून दोन हजारांच्या वर जात असे आणि त्याच वेळात सँडविचही खात असे.

"सुभेदार, या पानावरचा आकडा तुमच्या मुलीचा नाही. बोट किती वेगानं हलतं, त्याचा आहे."

धोंडीराम पान आणि वही आळीपाळीने पाहत राहिले. "मला यंत्रातलं कळत न्हाई, सर. तुमची सही जिथं आसंल ते खरं, आसं मी धरून चालतो. या पानावर तुमची न्हाई."

"नाही. छापील आहे."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि पानाची नीट चौकोनी घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

त्याच दुपारी वैशंपायन मुख्याध्यापिकेकडे गेले. ममता मॅडमच्या खोलीत तीन ढाली, दोन एसी आणि एक मत्स्यपेटी होती. मॅडमना विज्ञानाविषयी आदर होता. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता.

"वैशम सर," दिल्लीच्या जिभेला त्यांचे आडनाव इतकेच पेलत असे, "आप इतने पुराने ज़माने के हैं ना, कसम से, बड़ा प्यारा लगता है. पर समिति को डेटा चाहिए. आप कहते हैं गेम से बच्चा सीखता नहीं. दिखाइए! पंद्रह दिसंबर को मीटिंग है. डेटा लाइए, एक सौ चौदह आपका."

"लिखकर देंगी?"

मॅडम हसल्या, पण त्यांनी लिहून दिले. असल्या चिठ्ठ्यांचा कधी उपयोग होतो यावर त्यांचा विश्वास नसावा.

घरी रेवतीने चिठ्ठी वाचली आणि चष्मा काढला. "अहो, आकडे बघून मत बदललेला एक माणूस दाखवा मला. मी एकवीस वर्षं फायली पुढे सरकवतेय."

"प्रयोग नीट रचला की निष्कर्ष एकच निघतो, रेवती."

"निष्कर्ष तुमचा. प्रयोग एकदा टेबलावर ठेवला की तो टेबलावर बसलेल्यांचा. ते त्याचं काय करतील, याचा विचार केलाय?"

त्यांनी तो केला नव्हता. वैज्ञानिक शिस्तीत तो विचार कुठे बसतो, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

प्रयोगाची कल्पना सरळ होती. एखादे औषध गुणकारी आहे की नाही हे पाहायचे तर ते न घेणारा एक गट लागतो. शिकण्याचा खेळ शिकवतो की नाही हे पाहायचे, तर ज्याला शिकणे कोणत्याही परिस्थितीत शक्य नाही असा एक विद्यार्थी लागतो. वैशंपायनांना तो मिळवायला वणवण करावी लागली नाही. तो तुळईला टांगलेला होता.

त्यांनी एक जुना माऊस उघडून डाव्या बटणाच्या दोन तारा बाहेर काढल्या. एक तार लोलकाच्या दोरीबरोबर खाली आणून गोळ्याला बोथट सुई लावली. दुसरी तार खाली टेबलावर उभ्या केलेल्या लाकडी ठोकळ्यावरच्या पातळ पितळी पट्टीला जोडली. पूर्वीच्या प्रयोगशाळेत अशा ठिकाणी पारा वापरत, पण मुलांच्या खोलीत पारा नको. लोलक मधून जाताना सुई पट्टीला निसटता स्पर्श करी आणि एक क्लिक होई. सेकंदाला एक. पडद्यावरचा बाण त्यांनी तिसऱ्या पर्यायावर, म्हणजे 'क'वर, ठेवला. 'पुढचा प्रश्न' हे बटण नेमके त्याच जागी उगवत असे. ही त्या खेळाची रचना होती, त्यात वैशंपायनांचा हात नव्हता.

पितळी पट्टी थोडी ऊर्जा खात असे, त्यामुळे झोका मंदावे. दर सात मिनिटांनी त्याला एक हलका धक्का द्यावा लागे. ते काम भक्तीने मागून घेतले.

"सर, मी त्याची ट्यूशन घेते," ती म्हणाली.

"त्याला उत्तरं सांगायची नाहीत हं."

"त्याला कान कुठे आहेत, सर?"

मेधामॅजिकमध्ये नवा विद्यार्थी नोंदवायला नाव आणि हजेरीपट क्रमांक लागत असे. वर्गात चाळीस मुले होती. वैशंपायनांनी क्रमांक एक्केचाळीस, नाव दामू, असे भरले. जन्मतारखेच्या रकान्यात दोरी बांधल्याची तारीख घातली. यंत्राने ते वय पाच वर्षे काढले, विद्यार्थ्याला 'विलक्षण बालप्रतिभा' असा शिक्का दिला, आणि पुढे काही विचारले नाही.

पहिल्या तासाला दामूने चोवीसशे क्लिक केले. बाराशे प्रश्न, त्यातले तीनशे चार बरोबर. चार पर्यायांत एकच दाबत राहिले तर साधारण चौथा हिस्सा बरोबर येणारच, आणि चार जास्त आले यात आश्चर्य नाही. पण गुण झाले चार हजार आठशे बत्तीस. घुबडाने टोपी उडवली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. राजवर्धनने सँडविच खाली ठेवले.

गुडगावात त्या हिवाळ्यात वीज दिवसातून पाच वेळा जाई. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत चाळीस मुले काळ्या पडद्यांकडे पाहत बसत. दामू मात्र हलत राही आणि बंद संगणकाला इमानेइतबारे क्लिक पोचवत राही. तेवढे क्लिक हिशेबात धरले जात नसत. त्या बाबतीत खेळ प्रामाणिक होता.

दुसऱ्या आठवड्यात दामू शाळेत पहिला आला. तिसऱ्या आठवड्यात तो संपूर्ण दिल्ली परिसरातल्या शाळांत चौथा होता, आणि त्याच्या वर असलेल्या तिघांविषयी वैशंपायनांना शास्त्रीय कुतूहल वाटू लागले. कंपनीकडून यंत्राने लिहिलेले प्रगतिपत्रक आले. ते त्यांनी रेवतीला मोठ्याने वाचून दाखवले:

"दामूची एकाग्रता असामान्य आहे. तो दडपणाखाली विचलित होत नाही. त्याच्या कामात नैसर्गिक लय आहे. सुधारणेस वाव: दामूने अधूनमधून इतर पर्यायांचाही विचार करावा."

रेवती हसता हसता थांबली. "आमच्या जॉइंट सेक्रेटरींचा गोपनीय अहवाल असाच होता," ती म्हणाली. "शेवटचं वाक्यसुद्धा."

पंधरा डिसेंबरला बैठक भरली. वैशंपायन सभागृहात एक उंच स्टँड, दामू, ठोकळा, माऊस आणि बारा पानांचा अहवाल घेऊन आले. राजवीरजी मध्यभागी होते. ते फोन टेबलावर उलटा ठेवत, याचा अर्थ ते लक्ष देत आहेत असा घेतला जाई. उजवीकडे ममता मॅडम. डावीकडे जयदीप. शाळेचा विद्यार्थी परिसरात चौथा आल्याबद्दल तो फुलांचा गुच्छ घेऊन आला होता.

"वो बच्चा किधर है?" राजवीरजींनी विचारले. "दामू. बुलाओ, फोटो खिंचवाते हैं."

"सर, बच्चा यही है," वैशंपायन म्हणाले आणि त्यांनी गोळा सोडला.

टक्. टक्. टक्. पडद्यावर प्रश्न उलटत गेले. वैशंपायनांनी आपल्या पुस्तकी हिंदीत अठरा मिनिटे सांगितले: या विद्यार्थ्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, दोरी आहे. हा वर्गातल्या चाळीसही मुलांच्या पुढे आहे. जी मुलगी प्रश्न वाचते ती शेवटची आहे. म्हणून हे गुण जे काही मोजतात ते शिकणे नव्हे. आलेख क्रमांक तीन पाहावा.

कोणीही आलेख क्रमांक तीन पाहिला नाही. सगळे गोळा पाहत होते. जयदीपचा चेहरा गुच्छाच्या पांढऱ्या फुलांसारखा झाला होता. वैशंपायनांना क्षणभर वाटले, की पाच वर्षांपूर्वीच्या त्या तराजूचे उत्तर आता मिळाले.

राजवीरजी उठले, लोलकाभोवती एक फेरी मारली आणि वाकून पट्टी पाहिली.

"ये इतवार को भी चलता है?"

"जी?"

"छुट्टी में. बच्चे छुट्टी में नहीं चलते. ये चलेगा?"

"धक्का देनेवाला कोई चाहिए, सर, लेकिन मुद्दा यह है कि..."

"ऐसे कितने बन सकते हैं?"

शेजारच्या सेक्टरमधली शाळा परिसरात पहिली होती आणि तिने तसा फलक हमरस्त्यावर, राजवीरजींच्याच जमिनीसमोर, लावला होता. प्रवेशाचा हंगाम जानेवारीत सुरू होणार होता. या दोन गोष्टी वैशंपायन सोडून प्रत्येकाच्या मनात एकाच वेळी आल्या.

"सर, यह सीखता नहीं है," वैशंपायन पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज किंचित चढला होता.

"अरे मास्टरजी, सीखना बच्चे का काम है, नंबर लाना इसका. काम बाँट लो ना. इतनी बड़ी खोज की आपने और मुँह लटका के खड़े हो!"

जयदीपचा रंग परत आला. "सर, कंपनीच्या दृष्टीनं..." तो घाईघाईने मराठीतून हिंदीत शिरला, "कंपनी की तरफ से कोई दिक्कत नहीं. हमें क्लिक से मतलब है. मेरा तो टार्गेट ही... बिल्कुल कोई दिक्कत नहीं."

ममता मॅडमनी वही उघडली. "तो एक सौ चौदह में चालीस," त्या म्हणाल्या. "लैब वहीं रहेगी. देखा वैशम सर? मैंने कहा था ना, डेटा लाइए."

प्रयोगशाळा वाचली, ती अशी.

रविवारी रेवतीने त्यांना समोर बसवले. मागणीपत्रक लिहायचे होते. वैशंपायनांनी लिहिलेला मसुदा तिने वाचला आणि बाजूला ठेवला.

"चाळीस गोळे, चाळीस दोऱ्या. एवढंच? पाच वर्षं तुम्ही प्रिझम मागताय ना?"

"प्रिझमचा लोलकाशी संबंध नाही."

"लिहा. 'लोलकांच्या निर्वेध दोलनासाठी आवश्यक प्रकाशीय साहित्य: प्रिझम, नग दहा.' पुढे लिहा, 'दोलनकालाच्या पडताळणीसाठी स्टॉपवॉच, नग चाळीस.' अहो, बघताय काय? तुम्ही खरं कारण लिहिता, म्हणून तुमचं काही मंजूर होत नाही."

स्टॉपवॉचचे कारण खरेच होते, असे त्यांना म्हणायचे होते. पण एवढ्यात ती सूक्ष्मदर्शकांवर पोचली होती.

सगळे मंजूर झाले. जानेवारीअखेर एकशे चौदा ही कदाचित हरियाणातली सर्वांत सुसज्ज शालेय प्रयोगशाळा असेल. वैशंपायनांनी सर्व पाहिलेल्या नसल्यामुळे ते 'कदाचित' म्हणत. भिंतीकडे दामूखेरीज चाळीस लोलक, प्रत्येक मुलाच्या नावावर एक, चाळीस संगणकांना टकटक करत असत. उरलेल्या मोठ्या जागेत चाळीस मुले मोकळी असत, कारण त्यांच्या वाट्याचा खेळ खेळला जात होता. मुलांना हातात काहीतरी हवे असते. त्यांनी स्टॉपवॉच उचलले. पहिल्यांदा शर्यती लावल्या, मग पैजा लावल्या, मग कोणीतरी विचारले की दोरी दुप्पट केली तर झोक्याला दुप्पट वेळ का लागत नाही. हे विचारणारा राजवर्धन होता, ही नोंद केली पाहिजे.

शाळा परिसरात पहिली आली. हमरस्त्यावर फलक लागला. 'दामू, इयत्ता नववी' असे त्यावर होते आणि फोटोच्या जागी घुबड होते.

इथवर वैशंपायनांना झोप नीट येत होती. फेब्रुवारीअखेर ममता मॅडमनी त्यांच्यापुढे एक लांब तक्ता ठेवला. चाळीस मुलांची नावे, प्रत्येकापुढे प्लॅटिनम, त्यापुढे 'अध्ययन-निष्पत्ती' असा रिकामा रकाना, आणि खाली विषयशिक्षकाची सही. पालकांकडून विचारणा झाली होती. नुसते छापील पान नको, सरांची सही हवी.

"बस कॉलम भर दीजिए, साइन कर दीजिए. कल पेरेंट्स को जाएगा. रूटीन है."

ते तक्ता घेऊन एकशे चौदामध्ये आले. भक्ती एकटीच लोलकाशी काहीतरी मोजत होती. तिने नाव शोधले. सतराव्या ओळीवर तिचे बोट थांबले.

"सर, हे प्लॅटिनम सतरा नंबरच्या लोलकाचं आहे."

"हो."

"आणि खाली तुमची सही येणार?"

त्यांनी तक्ता स्वतःकडे वळवून घेतला.

"बाबा तुमची सही बघूनच सही करतात, सर," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती माहिती देत होती, आणि म्हणूनच ती लागली.

सही केली नाही तर काय होईल, हे वैशंपायनांना अनुभवाने ठाऊक होते: खोली जाईल, चाळीस स्टॉपवॉच जातील, मुले पुन्हा काळ्या पडद्यांपुढे बसतील आणि ते स्वतः अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत. सही केली तर ती न घेतलेल्या नोंदीखालची सही. पाच वर्षांपूर्वी तराजू एकच होता. आता चाळीस होते.

त्यांनी पेन काढले. पहिल्या ओळीतल्या रिकाम्या रकान्यात सुवाच्य अक्षरात, मराठीत लिहिले: 'गुण लोलकाचे आहेत. विद्यार्थ्याचे अध्ययन या खेळाने मोजलेले नाही.' दुसऱ्या ओळीत तेच. 'वरीलप्रमाणे' असे त्यांनी एकदाही लिहिले नाही. चाळीस ओळींना पस्तीस मिनिटे लागली. खाली त्यांनी पूर्ण नावाची सही केली.

ममता मॅडमनी रकाना भरलेला आहे एवढे पाहिले. मराठी त्यांना येत नव्हती आणि ही कोणती भाषा आहे हे विचारण्याएवढा वेळही नव्हता. शिक्का पडला. कारकुनाने एकेक ओळ कापून, खाली सहीची छायाप्रत जोडून, एकेका प्रगतिपत्रकावर चिकटवली आणि प्रती काढल्या. चाळीस घरांत ती गेली. एकोणचाळीस घरांतून पालकांच्या सहीनिशी परत आली. दोन पालकांनी हस्ताक्षराची स्तुती केली होती. राजवर्धनच्या आईने 'थँक यू सर, सो प्राऊड' असे लिहिले होते.

चाळिसावे आले त्यावर सही नव्हती. पालकांच्या जागी निळ्या शाईत लिहिले होते: 'वाचले. समजले नाही. समक्ष येतो.'

सुभेदार धोंडीराम शनिवारी आले. इस्त्रीचा तोच शर्ट. वैशंपायन त्यांना बैठकीच्या खोलीत न नेता थेट एकशे चौदामध्ये घेऊन गेले. चाळीस लोलक सेकंदाला एक या हिशेबाने टकटकत होते. सगळे अगदी एका वेळी नव्हते, त्यामुळे टिनाच्या छपरावर कोणी मूठभर हरभरे टाकत असावे असा आवाज येत होता. सुभेदार दारातच थबकले आणि मुलीचा हजेरी क्रमांक शोधू लागले.

"ह्यो सतरा नंबर?"

"हा."

"हे प्लॅटिनम?"

"हे."

सुभेदारांनी गोळ्याला बोट लावून पाहिले, जणू ताप आहे का ते पाहत होते. "आन् आमची पोरगी?"

वैशंपायनांनी भक्तीची वही उघडून दिली. गुरुत्वीय त्वरणाचा प्रयोग होता. वीस नोंदी, सरासरी, खाली उत्तर.

"नऊ पूर्णांक चौऱ्याहत्तर," सुभेदारांनी वाचले. "कितीपैकी?"

"कितीपैकी नाही. दिल्लीत ते नऊ पूर्णांक एकोणऐंशी आहे."

"म्हंजे चुकली."

"चुकली. पाच शतांशानं. का चुकली ते तिनंच खाली लिहिलंय."

धोंडीरामांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचले: 'मी घड्याळ थोडे उशिरा बंद करते. वीस वेळा तपासले. दर वेळी साधारण सारखाच उशीर होतो. दोरीची लांबी मोजताना गाठ धरली नव्हती.' त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचले. त्याखाली लाल शाईत वैशंपायनांची सही होती.

"आमच्याकडं निशाणा चुकला की जवान बंदुकीला नावं ठिवतो," ते म्हणाले. "ही सोताचा हात सांगतीया."

"प्रगतिपत्रकावर तुमची सही राहिलीय, सुभेदार. ऑफिसला हवी आहे."

"हितं करतो," धोंडीराम म्हणाले. त्यांनी खिशातले पेन काढले, प्रयोगवही टेबलावर सपाट केली आणि लाल सहीच्या शेजारी, तारीख, हुद्दा आणि युनिटसकट, आपली सही केली. प्रगतिपत्रक त्यांनी वैशंपायनांच्या हातात तसेच परत दिले.

मागे सतरा नंबरच्या पडद्यावर घुबडाने टोपी उडवली.